शिडाच्या जहाजावरील ‘ब्लॉक’

शिडाच्या जहाजावर ‘ब्लॉक’ म्हणजे ठोकळा नव्हे, तर दोराची दिशा बदलणारी किंवा ओढणाऱ्याचे श्रम हलके करणारी कप्पी होय. तिच्या लाकडी कवचातील खाचेत कडेला पन्हळ असलेले चाक आसावर फिरते आणि या चाकाला नाविकांच्या परिभाषेत ‘शीव्ह’ म्हणतात. डोलकाठीच्या माथ्याशी पक्की बांधलेली कप्पी केवळ दिशा बदलते, म्हणजे डेकवरचा खलाशी दोर खाली ओढतो आणि शीड वर चढते. कप्पी ओझ्याबरोबर सरकणारी असली, तर मात्र भार दोराच्या दोन पदरांत वाटला जाऊन जवळजवळ निम्म्या जोरात काम होते, अर्थात दोर दुप्पट ओढावा लागतो. ‘स्नॅच ब्लॉक’ हा प्रकार विशेष कल्पक आहे, कारण त्याच्या कवचाची एक बाजू उघडते आणि लांबलचक दोराचे टोक शोधून ओवत बसण्याऐवजी मधलाच पदर चाकावर बसवता येतो.

यंत्रयुगाच्या इतिहासात या लहानशा वस्तूचे स्थान फार मोठे आहे. ब्रिटिश आरमाराच्या एका मोठ्या युद्धनौकेला सुमारे हजार कप्प्या लागत. त्यांचे कवच एल्मचे, तर चाक लिग्नम व्हिटे या अतिकठीण आणि स्वतःच्याच तेलकट राळेने वंगण पुरवणाऱ्या लाकडाचे असे. 19व्या शतकाच्या आरंभी मार्क ब्रुनेल यांनी योजलेली व हेन्री मॉडस्ले यांनी घडवलेली यंत्रे पोर्ट्समथच्या गोदीत बसली आणि 1808 साली तेथे वर्षाला सुमारे 1,30,000 कप्प्या तयार होऊ लागल्या.