विरंगुळ्याची वाटणी



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर वाचून तुमच्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. युनियनचा माणूस बोलायला उभा राहिला म्हणजे महागाईभत्ता, किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी यांपैकी काहीतरी निघायचे, अशी तुमच्या मनाची तयारी असणार. तीस वर्षे मी तेच बोलत आलो आहे, आणि उद्या सकाळी विडीच्या ब्रँचवर पुन्हा तेच बोलणार आहे. पण न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली, ती आज दीडशे वर्षे महाराष्ट्रात गावोगाव चालू आहे. आणि सोलापूरच्या ह्या उन्हाळ्यात, दिवसभर भाजून निघालेली माणसे संध्याकाळी सतरंजीवर येऊन बसतात, हा एक विरंगुळाच नव्हे काय? तेव्हा ह्या जागी विरंगुळ्यावरच बोलावे, असे मी ठरवले.

विरंगुळा म्हणजे मोठी कला नव्हे, हे आधीच सांगतो. मोठ्या कलेवर बोलणारी विद्वान मंडळी ह्या व्यासपीठावर येऊन गेली आहेत. मी बोलतो आहे ते पत्र्याच्या डब्यात लावलेल्या मोगऱ्याविषयी, गच्चीवरच्या कबुतरांविषयी, गुरुवारच्या भजनाविषयी, उरल्यासुरल्या चिंध्यांतून शिवलेल्या गोधडीविषयी. आणि त्यातही मुख्यतः एका गोष्टीविषयी: माणूस हे सुख एकटा भोगत नाही. मोगऱ्याला पहिली कळी आली की तो शेजारणीला हाक मारतोच.

आपल्या जिल्ह्यातल्या हुरड्याचेच उदाहरण घ्या. गुळभेंडी ज्वारीची कणसे आगटीत भाजायची, हाताचे चटके सोसत ती चोळायची, पाखडायची, आणि समोरच्याच्या तळहातावर गरमगरम मूठ ठेवायची. शेंगांची चटणी शेजारी असतेच. ज्याच्या रानात हुरडा आहे तो एकटा आगटी पेटवून खात बसला आहे, असे दृश्य मी तरी पाहिलेले नाही. भाजणारा सर्वांत शेवटी खातो आणि त्याचे त्याला काही वाटत नाही. वाटण्यातच त्याचे अर्धे खाणे होते.

आता ब्रँचवर चला. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बहुतेक बायाच, आणि त्यांत तेलुगू भाषिक मोठ्या संख्येने. काम घरी होते. सूप मांडीवर घ्यायचे, भिजवलेले पान कात्रीने कापायचे, तंबाखू भरून वळायचे, दोऱ्याने बांधायचे. आणि सकाळी टोपली घेऊन ब्रँचवर जायचे. तिथे विड्या तपासून घेतात, खराब त्या बाजूला काढतात, आणि दुसऱ्या दिवसाची पाने व तंबाखू देतात. मजुरी हजार विड्यांवर ठरते. म्हणजे बोटे थांबली की पैसा थांबला. अशा बाईला छंदासाठी वेळ कुठला, असे तुम्ही विचाराल. मीही त्या ओळीशेजारी उभा राहून वर्गणीच्या पावत्या फाडत असताना पाहिले ते सांगतो.

कित्येक बायांच्या टोपलीत विड्यांच्या खाली एक शाळकरी वही असते. तीत ठिपक्यांच्या रांगोळ्या काढलेल्या असतात. तेलुगूत त्याला मुग्गु म्हणतात. एका रांगोळीवर लिहिलेले होते: १५ ते ८. मी विचारले, हे कसले गणित? एकीने मला समजावले. मधल्या ओळीत पंधरा ठिपके. तिच्या वर आणि खाली, दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेत एकेक ठिपका ठेवीत, चौदा, तेरा, बारा असे उतरत आठावर थांबायचे. घरी येऊन मी कागदावर बेरीज केली. एकशे एकोणसत्तर ठिपके होतात. त्यांतला एक चुकला तरी कमळाची पाकळी मिटत नाही. ही बाई शाळेत चौथीपर्यंतही गेलेली नव्हती.

ह्या वह्या ओळीतून फिरतात. एक वही आज ह्या हातात, तर आठ दिवसांनी तिसऱ्याच वाड्यात. जी नेते ती उतरवून घेते, आणि उतरवताना काहीतरी बदलते. कुणी मोराची मान वळवते, कुणी पणतीला आणखी एक पाकळी जोडते. परत आलेली वही मूळ मालकिणीला नवीच वाटते. कुणाचेही नाव कुठे लिहिलेले नसते. आणि ह्या ओळीत तेलुगू आहे, कन्नड आहे, मराठी आहे, मुसलमान बायाही आहेत. एकमेकींची भाषा प्रत्येकीला धड येतेच असे नाही. ठिपके मात्र सगळ्यांना मोजता येतात. युनियनचे पत्रक आम्ही तीन भाषांत छापतो. ह्या वहीला भाषांतर लागत नाही!

हे काही सोलापुरातच घडते असे नाही, आणि आजच घडते असेही नाही. आपल्या आया-आज्या जात्यावर दळत असत, तेव्हा त्यांच्या ओव्यांत काय असे? भाऊ भेटीला आला, लेकरू रांगू लागले, पंढरीची वाट दिसली. असली लहान सुखे आणि तितकीच मोठी दुःखे. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर ह्या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. एक लाख! आणि त्या रचणाऱ्यांपैकी बहुतेक बायांनी कधी हातात लेखणी धरलेली नव्हती. पण माझ्यासारख्या कामगाराच्या डोळ्यांत भरते ती दुसरी गोष्ट. मोठे जाते ओढायला दोघी लागत. एकीने ओवी धरायची, दुसरीने ती उचलायची. म्हणजे कामाची जागा सामाईक होती म्हणून गाणे सामाईक झाले. पिठाची गिरणी आली, बायांचे हात सुटले, हे चांगलेच झाले. पहाटे तीनला उठून दळण्याचे कौतुक त्यांनीच करावे ज्यांनी ते केलेले नाही. पण दोघी समोरासमोर बसण्याची जागा गेली, आणि तिच्याबरोबर ओवीही मागे पडली, हेही खरे.

गिरणीचे तसेच झाले. १८७७ साली सोलापुरात पहिली कापडगिरणी चालू झाली, तिला आपण अजून जुनी गिरणी म्हणतो. पुढे आणखी गिरण्या आल्या, आणि नंतर एकेक करून त्या बंद पडल्या. भोंगा गेला, पगार गेला, ह्याची चर्चा पुष्कळ झाली आणि ती व्हायलाच हवी. पण पाळी सुटल्यावर दरवाजाबाहेर चहाच्या टपरीशी जो घोळका उभा राहत असे तोही गेला. मी बदली कामगार म्हणून लागलो तेव्हा त्या घोळक्यात कबुतरांच्या जाती, आखाड्यातले डाव, नव्या भजनाची चाल ह्यांची देवघेव चाले. माझे वाचन तिथेच सुरू झाले. एका साचेवाल्याने जुन्या बाजारातून आणलेले पुस्तक मला दिले आणि बजावले, वाचून झाले की परत देऊ नकोस, पुढे दे. मी रात्रशाळेत नंतर गेलो. शाळा आधी तिथे भरली.

हे सगळे किरकोळ आहे, असे आमच्या चळवळीतलेही काही जण म्हणतात. पोटाला नाही तिथे छंद कसले? ह्याला माझे उत्तर असे, की हे किरकोळ नाही ही गोष्ट कामगारांच्या आधी मालकांना आणि सरकारांना कळली होती. क्यूबा देशात हवाना शहरी सिगार वळण्याचे मोठे कारखाने होते. तिथे १८६५ साली कामगारांनी एक पद्धत सुरू केली. हात पानांवर चालू, आणि एकाने मोठ्याने वर्तमानपत्र नाहीतर कादंबरी वाचायची. त्याची मजुरी बाकीच्यांनी आपल्या खिशातून भरायची. वर्षही पुरते झाले नाही तोच, १८६६ साली, तिथल्या गव्हर्नरने वाचनावर बंदी घातली. पद्धत पुन्हा पुन्हा उभी राहिली. पुढे अमेरिकेत फ्लॉरिडातल्या टॅम्पा गावी, जिथे क्यूबाचे कामगार जाऊन स्थायिक झाले होते, १९३१ साली मालकांनी वाचणाऱ्याचे आसन काढून टाकले, आणि कामगारांनी त्यासाठी संप केला. बंदी घालणारा माणूस निरुपद्रवी गोष्टीवर बंदी घालीत नाही.

एवढे लांब जायलाही नको. केरळात कण्णूरच्या विडी कारखान्यांत हीच रीत होती. एक कामगार वर्तमानपत्र वाची, आणि त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीचे वळून देत. १९६६ साली विडी कामगारांचा कायदा झाला. तो लागू होण्याच्या सुमारास तिथल्या खाजगी मालकांनी कारखाने बंद केले आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. त्यांतून १९६९ साली दिनेश विडी ही कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली. ह्या संस्थेमागे चळवळ होती, सरकारचा हात होता. नुसत्या वाचनाने संस्था उभी राहिली असे मी म्हणणार नाही. पण जी माणसे वर्षानुवर्षे एकाच कादंबरीत एकदम हसली होती त्यांना एकत्र बसण्याची सवय नव्याने लावावी लागली नाही, एवढे मी अनुभवावरून सांगू शकतो. संपाच्या सभेत पहिल्या रांगेत येऊन बसणाऱ्या आमच्या बाया कोण, हे मी कधी कधी न्याहाळतो. भाषण ऐकून आलेल्या थोड्या. पुष्कळशा वहीच्या ओळखीने आलेल्या असतात.

आता वेळेविषयी. विरंगुळ्याला वेळ लागतो, आणि कामगाराला वेळ कुणी भेट दिलेला नाही. रविवारची सुट्टी ही आपल्याला पंचांगाइतकी जुनी वाटते. ती नारायण मेघाजी लोखंडे आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी झगडून मिळवली. १० जून १८९० रोजी मालकांनी ती मान्य केली, आणि दुसऱ्या वर्षी साप्ताहिक सुट्टी कायद्यात आली. गिरणीतल्या पुरुष कामगारांच्या तासांना पहिली कायदेशीर मर्यादा पडली ती १९११ साली, आणि तीही दिवसाला बारा तासांची! आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास व्हायला १९४६ साल उजाडावे लागले. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःचे, ही रॉबर्ट ओवेनची मागणी. तिच्यातला तिसरा आठ आपण विसरतो. पहिल्या आठाची मजुरी मिळते, दुसऱ्यात झोप. माणूस दिसतो तो तिसऱ्यात.

म्हणूनच २०२५ सालच्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली, तेव्हा मला हिशेब वेगळा मांडावासा वाटला. जादा तासांचा जादा मोबदला आहे, कामगाराची संमती घ्यायची आहे, हे सगळे मी वाचले. पण आपल्या यंत्रमागावरचा कामगार बारा तासांच्या पाळीला नवखा नाही. तो घरी येतो तेव्हा मुले झोपलेली असतात. त्याचा मोगरा कुणी पाहिला नाही आणि दुसऱ्याचा त्याने पाहिला नाही. जादा तासाच्या दरात ही गोष्ट कुठल्या रकान्यात धरायची, हे मला कुणी तरी सांगावे.

छंदांसाठी काहीच होत नाही असे नाही. १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण मंडळ स्थापन झाले. त्याच्या नाट्यस्पर्धा, भजनस्पर्धा, कबड्डीचे सामने ह्यांनी कित्येक कामगारांना रंगमंच दाखवला. मी त्याचा आभारी आहे. फक्त एक लहानशी तक्रार करतो, परीक्षक मंडळींनी रागावू नये. स्पर्धा आली की पहिला, दुसरा, तिसरा आले, आणि चौथा घरी बसला. भजनी मंडळात ज्याचा सूर लागत नाही तो टाळ धरतो. स्पर्धेच्या वेळी त्याच्या हातातला टाळही काढून घेतात. भाद्रपद-आश्विनात आपल्या पूर्व भागात तेलुगू बाया बतुकम्मा मांडतात. फुलांचे थर रचायचे, भोवती फेर धरायचा, टाळ्यांवर गायचे. तिथे ज्या बाईने तगरीची चार फुले आणली तिचीही चार फुले थरात बसतात. कुणाचा थर उंच, हे कुणी मोजत नाही. मला विचाराल तर हा न्याय मला अधिक पटतो.

आणि जागा. कुंभारीजवळ २००६ साली कॉम्रेड गोदूताई परुळेकर ह्यांच्या नावाने विडी कामगार बायांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २०२४ च्या जानेवारीत रे नगरची पंधरा हजार घरे कामगारांच्या ताब्यात आली. बायांच्या नावावर पक्की घरे झाली, हा लहान विजय नव्हे. दहा बाय दहाच्या खोलीत सूप मांडून आयुष्य काढलेल्या बाईला विचारा. पण जुन्या वाड्यात उंबऱ्यावर बसले की समोर पाच उंबरे दिसत. नव्या घराचे दार लावले की हजार विड्या एकटीने वळायच्या. पहाटे दळणाऱ्या दोघींची आठवण होते, ती इथे.

गेल्या वर्षी एका ब्रँचच्या सभेत आम्ही मागण्यांचा मसुदा वाचून दाखवीत होतो. बोनस, पेन्शन, दरवाढ, सगळे क्रमाने. शेवटी विचारले, आणखी काही? मागून एक वयस्क बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, दारात एक पत्रा टाका म्हणावं. टोपली तपासायला दीड-दीड तास लागतो. उन्हात वही उघडता येत नाही, कागद चमकतो." बाकीच्या हसल्या, पण कुणी नाही म्हटले नाही. ती मागणी आम्ही सातव्या क्रमांकावर लिहिली. बोलणी झाली त्या दिवशी समोरचे व्यवस्थापक पहिल्या सहा मागण्यांवर तासभर बोलले, सातवी वाचून थांबले, आणि त्यांनी विचारले, वही कसली?

आमच्या बाजूने बसलेल्या एका बाईने टोपलीतून ती काढून टेबलावर ठेवली. त्यांनी चार पाने उलटली. पत्र्याचा खर्च किती येईल ते कळवा, एवढेच ते बोलले. खर्च आम्ही कळवला आहे: लोखंडी खांब सहा, पत्रे बारा, आणि बसायला फरशीचा एक कट्टा, तो आम्ही आमच्या मनाने वाढवला. अजून उत्तर आलेले नाही. येत्या सोमवारी पुन्हा भेटायला जायचे आहे; ज्यांना सवड असेल त्यांनी सकाळी नऊला ब्रँचच्या दारात यावे.