परगावचा पैका आणि गावचा संसार



ज्युबिलीच्या या मंगलप्रसंगी परमेश्वराचे आभार मानीत असता, पोटासाठी परगावी गेलेल्या बांधवांचे आम्हांस स्मरण होते. मुखेड-कंधारच्या डोंगराळ भागातील कुटुंबे ऊसतोडीस जातात. निलंगा-औशाकडील तरुण पुण्या-मुंबईस, नांदेडकडील हैदराबादेस. त्यांच्या घामाचा पैका मागे राहिलेल्यांची चूल पेटती ठेवतो. 1880 साली सुरू झालेल्या टपालाच्या मनिऑर्डरीने जो येई, तो आता मोबाईलवरून क्षणात येतो. परदेशस्थ भारतीयांनी तर 2022 साली 100 अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम मायदेशी धाडली. इतका ओघ दुसऱ्या कोणत्याही देशाकडे गेला नाही.

परंतु सर्व पैका सारखा नव्हे. मनिऑर्डर ही केलेल्या कामाची कमाई. ऊसतोडीची उचल हे न केलेल्या कामाचे कर्ज होय. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल पुष्कळदा दुखण्यात, लग्नात वा जुन्या देण्यात जाते, आणि नवराबायकोचा ‘कोयता’ पुढे कित्येक महिने ती फेडीत राहतो. लेकरे सोबत नेली तर शाळा सुटते. मागे ठेवली तर आईबाप अंतरतात. अशा पैक्याने संसार तगतो, पुढे सरकत नाही.

कित्येक म्हणतात, आलेला पैसा लोक पक्क्या घरांत घालवितात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीच्या घरांखाली हजारो जीव गेले, हे जाणणारा असा दोष कसा देईल? मजबूत घर ही चैन नव्हे. तथापि एकट्याच्या पैक्याने न होणारी कामेही असतात. एप्रिल 2016 मध्ये लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले; ती तहान एका घराची नव्हती, साऱ्या नगराची होती.

परदेशी विकल्या गेलेल्या योसेफाने मिसर देशात सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठविला, आणि दुष्काळात त्याच धान्याने त्याचे बापभाऊ वाचले. आपणही येणाऱ्या पैक्याचा पाचवा नव्हे, विसावा तरी हिस्सा वेगळा काढावा. तो गृहिणीच्या नावे बचत गटात ठेवावा. दुखण्याला वा लग्नाला गटातूनच अल्प व्याजाने कर्ज मिळाले, तर मुकादमाच्या दारी जाण्याची पाळी टळेल. पुढे शिल्लक वाढेल तसतशी विहीर, बांधबंदिस्ती व मुलींचे शिक्षण यांकडे ती वळवावी.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1981 साली श्रमाविषयीच्या विश्वपत्रात माणसाचा देश सोडण्याचा हक्क मानला, तसाच परतण्याचाही. परंतु परतणाऱ्यास गावी पाणी, काम व शाळा लाभली, तरच तो हक्क खरा. ही सिद्धता करणे मागे राहिलेल्या आपणा सर्वांचे कर्तव्य होय.

परगावी राबणाऱ्या आमच्या बांधवांचे प्रभू रक्षण करो, व त्यांच्या श्रमाचे चीज करण्याची सुबुद्धी आम्हांस देवो. आमेन.