झाकली मूठ



वसंतातल्या या प्रसन्न सायंकाळी आमचा विषय श्रोत्यांस कडू लागेल. परंतु आपले वर्षच कडुनिंबाच्या पानांनी सुरू होते, तेव्हा आपण आम्हांस क्षमा कराल, अशी आशा आहे. एच.आय.व्ही.सह जगणाऱ्या प्रौढ माणसाचे मन आणि त्याच्या बालपणी झालेला छळ, यांच्या संबंधाविषयी आज आम्ही बोलणार आहोत.

हा विषाणू भारतात १९८६ साली मद्रास येथे प्रथम आढळला. त्या काळी त्यावर उपाय नव्हता. आज आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकार ही औषधे मोफत देऊ लागले. रोज नेमाने गोळी घेणारा माणूस जवळजवळ इतरांइतकेच आयुष्य जगतो. रक्तातील विषाणू तपासणीत न सापडण्याइतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातून दुसऱ्यास लागणही होत नाही. मग अडले कोठे? अडले ते ‘नेमाने’ या एका शब्दापाशी. गोळ्या वरचेवर चुकल्या की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो.

गोळ्या चुकणाऱ्यास आपण बेफिकीर म्हणून मोकळे होतो. येथे अमेरिकेतील एक हकिकत सांगण्याजोगी आहे. सॅन डिएगो येथे डॉ. फेलिटी लठ्ठपणावर उपचार करीत. वजन उत्तम उतरत असलेले रुग्णच मध्येच उपचार सोडून जात. त्यांनी चौकशी केली, तेव्हा कित्येकांच्या बालपणी लैंगिक अत्याचार झाल्याचे उघड झाले. पुढे डॉ. अँडा यांच्यासह त्यांनी हजारो सर्वसामान्य माणसांची पाहणी केली. १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: बालपणी सोसलेले आघात जितक्या अधिक प्रकारचे, तितके प्रौढपणी नैराश्य, व्यसने आणि आत्महत्येचे प्रयत्न अधिक.

ही गोष्ट दूरदेशीची म्हणून सोडून देता येत नाही. आपल्या केंद्र सरकारने २००७ साली १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या लैंगिक छळाचा अनुभव सांगितला. आणि बहुतेकांनी तोवर तो कोणालाच सांगितला नव्हता.

का सांगितला नव्हता? कारण ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हे आपणच त्यांस शिकवितो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्लेले मूल मोठे होते; पण त्याच्या शरीरातील धोक्याची घंटा थांबत नाही. झोप सावध, विश्वास कोणावरच नाही, आणि ‘दोष आपलाच’ ही खूणगाठ पक्की. अशा माणसास पुढे एच.आय.व्ही. झाल्याचे कळले, की तीच मूठ तो पुन्हा आवळतो. गोळ्यांची बाटली तांदळाच्या डब्यात दडते. पाहुणे आले की गोळी चुकते. नैराश्य दाटले की ‘जगायचे कशाला’ म्हणून चुकते.

याचा विपरीत अर्थ मात्र कोणी करू नये. एच.आय.व्ही. झालेल्या प्रत्येकाचा बालपणी छळ झालेला असतो, असे नाही. छळ झालेले प्रत्येक मूल आजारी पडते, असेही नाही. बालपण हे विधिलिखित नव्हे. नैराश्यावर उपचार आहेत, आणि एक विश्वासाचे माणूसही पुष्कळ काही सावरते.

म्हणून आमचे मागणे थोडे आहे. ‘गोळी का चुकविलीस?’ असे दरडावण्याऐवजी ‘तुझ्यावर काय गुदरले?’ असे कोणीतरी हळूच विचारावे. उत्तराची घाई करू नये, आणि ऐकलेले चारचौघांत सांगू नये. २०१७ च्या कायद्याने एच.आय.व्ही.ग्रस्तांशी भेदभाव करण्यास मनाई केली आहे. संमतीवाचून त्यांची गोष्ट उघड करण्यासही. मनाच्या मदतीसाठी १४४१६ हा सरकारी दूरध्वनी आहे.

पण कायदा दार उघडून देईल. आत बसून ऐकावयाचे आहे ते आपणच. आणि घरी एखादे मूल आज काही सांगू पाहत असेल, तर त्याला ‘गप्प बस’ म्हणू नका. मूठ तेथेच उघडू द्या.