कुलपाची किंमत



घर बांधावे, रंग द्यावा आणि कुलपाच्या वेळी मात्र हात आखडावा, असा संसारी मनुष्य विरळा. सरकारी कारभारात मात्र असे पुष्कळदा घडते. आम्ही आज अमेरिकेतील दोन हकिगती सांगणार आहोत.

मेरीलँड राज्यातील बाल्टिमोर हे जुने बंदर. ७ मे २०१९ रोजी तेथील नगरकारभाराच्या संगणकांत दरोडेखोर शिरले. त्यांनी दप्तराला स्वतःचे कुलूप ठोकले आणि किल्लीसाठी १३ बिटकॉइन, म्हणजे सुमारे ७६,००० डॉलर मागितले. नगराने खंडणी नाकारली. पाणीपट्टीची बिले निघेनात, घरांचे व्यवहार अडले. नुकसानीचा अंदाज १ कोटी ८२ लाख डॉलरांवर गेला. मग खंडणी देणे स्वस्त नव्हते काय? पण चोराच्या शब्दाला जामीन कोण? आणि एकदा दिली की दुसऱ्या गावाची वाट त्याला आपणच दाखविली!

त्याच वर्षी १६ ऑगस्टला टेक्सासमधील वीसांहून अधिक स्थानिक कचेऱ्या अशाच अडकल्या. संगणक सांभाळणारा ठेकेदार एकच. त्याच्याच दारातून चोर सर्वत्र पोहोचले. मागणी २५ लाख डॉलरांची होती. कोणीही पैसा दिला नाही. राज्याने अशा प्रसंगाची योजना आधीच आखली होती, म्हणून मदत तत्काळ धावली.

लहान गावाने ठेका द्यावा, यात गैर काही नाही. स्वतःचा तज्ज्ञ त्याला परवडत नाही. चूक होते ती निविदेत. यंत्राची किंमत विचारली जाते. पाचव्या वर्षी दुरुस्ती कोण करील, दप्तराची दुसरी प्रत कोठे राहील, किल्ल्या कोणाकडे, चोरी झाल्यास ठेकेदार किती तासांत कळवील, हे विचारले जात नाही. नव्या यंत्राचे उद्घाटन होते. देखभालीचे कोण करणार?

२०२१ च्या कायद्याने अमेरिकेच्या केंद्र सरकारने या कामासाठी चार वर्षांत १०० कोटी डॉलर ठेविले. पैसा हवाच, पण प्रश्न विचारणारा नागरिकही हवा. आपल्या जन्ममृत्यूच्या नोंदी आणि घरपट्टीही आता संगणकातच आहेत. पुढल्या वेळी नगरसेवक दारी आले, तर रस्त्याबरोबर एवढेही विचारावे: ‘आमच्या दप्तराची दुसरी प्रत कोठे आहे, आणि ती उघडून कधी पाहिली?’