आधी पलटे, मग पदे
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



आज मला पेटीविषयी चार शब्द बोलायला सांगितले आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली. गाण्याची एकही परीक्षा दिलेली नाही, आणि पेटी हाती धरली तीही चाळिशी उलटल्यावर. तेव्हा शास्त्र सांगण्याचा मला अधिकार नाही. पण जी चूक मी केली आणि ज्या रीतीने ती सुधारली, ती सांगितली तर दोघीचौघींचे श्रम वाचतील, एवढ्याचसाठी उभी राहिले आहे.

आपल्या मंडळाची पेटी कित्येक वर्षे काकू वाजवीत. त्या मुलाकडे राहायला गेल्या आणि पेटी कपाटात गेली. नुसत्या टाळांवर आपले भजन चालू राहिले खरे, पण काय होई ते सगळ्यांना आठवत असेल. पहिला अभंग नीट, दुसऱ्याला पट्टी चढलेली, आणि तिसऱ्याला निम्म्या बायका गप्प! आवाज पोचेना म्हणून चार-पाच जणी यायच्या बंद झाल्या. बाहेरून वाजवणारा आणावा तर दुपारच्या वेळी कोण येणार? शेवटी सगळ्यांनी ते काम माझ्या गळ्यात घातले.

मी काय केले? सरळ अभंगच धरला. कुठल्या पट्टीनंतर कुठली पट्टी दाबायची ते पाठ केले. दोन महिन्यांत तीन पदे बसली आणि मला वाटले, झाले! पुढे नवरात्रात देवीपुढे आपले भजन होते. मी सगळे पांढरी एकमधून बसविलेले, आणि म्हणणाऱ्या बाईंनी काळी पाचमध्ये सुरुवात केली. माझे हात जागच्या जागी थिजले. टाळ चालू, गाणे चालू, आणि मी खाली मान घालून नुसता भाता हलवीत बसले. घरी येऊन ह्यांना सांगितले, मी काही पुन्हा पेटीला हात लावणार नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंना फोन केला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “अगं, तुला पदे पाठ झाली, पट्ट्या ओळखीच्या झाल्या नाहीत. तीन महिने एकही पद वाजवू नकोस. नुसते पलटे कर, आणि तेही इतके सावकाश की तुझा तुलाच कंटाळा यावा.”

मैत्रिणींनो, माझ्या भाषणाचे सार एवढेच आहे. बाकीचे सांगते ते त्याचा तपशील.

पहिली गोष्ट भात्याची. बासरीला जशी फुंक तसा पेटीला भाता. माझा डावा हात प्रत्येक सुराला धक्का देई, म्हणून आवाज उसळे आणि पडे. काकूंनी सांगितले की आठ दिवस फक्त ‘सा’ धरून बस. भाता असा चालव, की ऐकणाऱ्याला तो कधी उघडला आणि कधी मिटला ते कळू नये. करायला सोपे वाटते, पण मला पुरते पंधरा दिवस लागले.

दुसरी गोष्ट बोटांची. मी सगळे दोन बोटांनीच वाजवी. पांढरी एकचा सा धरला, तर सा अंगठ्याने, रे तर्जनीने, ग मधल्या बोटाने. मग अंगठा हळूच खालून सरकवून म घ्यायचा. पुढे प तर्जनीने, ध मधल्या बोटाने, नि अनामिकेने आणि वरचा सा करंगळीने. उतरताना हेच उलट. म अंगठ्याने झाला की मधले बोट त्याच्यावरून नेऊन ग धरायचा. अंगठा खालून जातो तिथेच सगळी मेख आहे. तिथे सूर तुटता कामा नये. माझा तो ‘ग’ आणि ‘म’ यांच्यामध्ये रोज अडखळत असे. मग मी तेवढेच ‘ग म ग म’ वीस वीस वेळा केले. अडेल तेवढाच तुकडा घ्यावा, उगाच पहिल्यापासून सुरू करू नये.

तिसरी गोष्ट पलट्यांची. आधी सरळ आरोह-अवरोह. मग ‘सासा रेरे गग’. मग तीन तीन स्वरांचा ‘सारेग, रेगम, गमप’. मग चार चार स्वरांचा ‘सारेगम, रेगमप, गमपध’. मग एक स्वर सोडून ‘साग, रेम, गप’. वर चढाल तसेच खाली उतरावे. तीन स्वरांचा पलटा दादऱ्याच्या सहा मात्रांत बसतो, चार स्वरांचा केरव्याच्या आठ मात्रांत, म्हणजे बोटांबरोबर तालही अंगी लागतो. आणि तोंडाने स्वर म्हणतच वाजवावे. हात चुकला तर गळा सांगतो, गळा चुकला तर पेटी सांगते.

आता पट्टी बदलण्याचे. आपल्यापैकी बऱ्याच जणींचा आवाज काळी चार, काळी पाचला मोकळा होतो. काळी पाचचा सा घेतला, तर रे पांढरी एक, ग पांढरी दोन, म काळी दोन, प पांढरी चार, ध पांढरी पाच आणि नि पांढरी सहा. इथे सा तर्जनीने घ्यावा, कारण अंगठा आखूड. तो काळ्या पट्टीवर टाकला की हात वाकडा होतो. तेच पलटे मी या पट्टीत केले, तेव्हा डोक्यात उजेड पडला. ‘सारेग’ हे नाते आहे. ते कुठल्याही घरी गेले तरी तेच राहते. नवरात्रात मला एवढेच ठाऊक नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, नुसते पलटे करून माणूस विटेल. विटतोच. म्हणून महिन्याभराने काकूंनी लहान लहान तुकडे दिले. भूपात म आणि नि नाहीत, सारे पाचच स्वर. त्यातली एक सरगम. दुर्गातही पाच, पण तिथे ग आणि नि नाहीत, त्यातली एक. चार ओळींपेक्षा मोठे काही नाही. पलट्यात जे बोट शिकले, ते तुकड्यात कामाला लागले. एके दिवशी सासूबाई निवडत बसल्या होत्या आणि जात्यावरची ओवी गुणगुणत होत्या. मी ती पेटीवर शोधली. सा, रे, ग आणि खालचा नि, बस्स, एवढ्यात सगळी ओवी! आधी माझ्या पेटीला ‘पीं पीं’ म्हणणाऱ्या सासूबाई त्या दिवशी आपण होऊन शेजारी येऊन बसल्या. त्यांच्याकडून मग सहा ओव्या घेतल्या. असे छोटे धडे आपल्या प्रत्येकीच्या घरात आहेत.

ही पेटी मूळची आपली नव्हे. एकोणिसाव्या शतकात ती युरोपातून आली आणि आपल्याकडे मांडी घालून बसली. आकाशवाणीने १९४० साली तिला बंदी केली होती. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड पेटीला येत नाही, हा तिच्यावरचा मोठा आक्षेप. पुढे साथीपुरती ती बंदी उठली. आक्षेप खोटा नव्हता, पण भजनाला बसलेल्या वीस बायकांना एका सुरात धरून ठेवणे तिच्याइतके कोणाला जमते?

आणि पेटीचे मोठेपण सांगायला आपल्याला लांब जायला नको. पं. अप्पा जळगावकर आपल्या जालन्याजवळच्या जळगाव या खेड्यात १९२२ साली जन्मले. त्यांनी आधी धृपद-धमाराचे गाणे शिकले आणि मग पेटी हाती घेतली. पुढे पं. भीमसेन जोशी, किशोरीताई आमोणकर अशा थोरांना त्यांनी साथ केली. २००० साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. २००९ साली ते गेले. त्यांची साथ ऐकली की कळते, पेटी गाते, कारण वाजवणाऱ्याच्या मनात गाणे आहे. म्हणूनच म्हणते, तोंडाने म्हणत वाजवा.

पुस्तकावरून शिकायचे असेल तर स्वरलिपीची भीती बाळगू नये. पं. पलुसकर आणि पं. भातखंडे यांनी गाणे कागदावर आणले, ते तुमच्याआमच्यासारख्यांना फार उपयोगी पडते. भातखंडे पद्धतीत स्वराखाली बिंदू म्हणजे मंद्र, वर बिंदू म्हणजे तार. खाली आडवी रेघ म्हणजे कोमल, आणि म वर उभी रेघ म्हणजे तीव्र. एवढे चार संकेत एका दुपारी पाठ होतात.

वेळेचे म्हणाल, तर मला सलग तास कधीच मिळाला नाही. सकाळचे डबे गेले की पंधरा मिनिटे, दुपारी भांडी झाली की पंधरा मिनिटे. रोज अर्धा तास पुरतो. आठवड्यातून एकदा बसलेले तीन तास पुरत नाहीत. घरची माणसे आधी हसतात, मग सवय होते.

यंदाच्या आषाढीला मी काळी पाचमध्ये सहा अभंग वाजविले. दोन ठिकाणी चुकले, पण थांबले नाही. यायच्या बंद झालेल्या बायकांपैकी तिघी परत आल्या आहेत. आज समोर बसल्या आहेत, म्हणून जास्त बोलत नाही.

एकच मागणे आहे. काकू गेल्या तेव्हा आपली पेटी बंद पडली, कारण वाजवणारी एकच होती. उद्या मीही कुठे जाईन. तेव्हा या वर्षी आणखी निदान दोघींनी पेटी शिकावी. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीन वाजता मी देवळात पेटी उघडून बसणार आहे. पद येत नसले तरी चालेल. नुसत्या ‘सा’पासून सुरुवात करू.