जपानी राईसप्लेट

जपानी जेवण म्हटलं की आपल्याला आठवतो कच्चा मासा आणि पाठोपाठ येणारं भलंमोठं बिल. त्याला कारणही आहे. मुंबईत २००४ साली ‘वासाबी’ सुरू झालं ते कुलाब्याच्या ताजमहाल हॉटेलात. ज्याची ओळख अशा दारातून होते, ते आपल्यासाठी नाही असंच वाटतं. पण आता उपनगरांतही जपानी पदार्थ मिळू लागले आहेत. तेव्हा आपल्यासारख्यांनी तिथं काय मागवावं, याविषयी आज थोडं बोलू.

पहिली गोष्ट म्हणजे, खुद्द जपानमध्ये नोकरदार माणूस दुपारी रोज काही सुशी खात नाही. बऱ्याचदा तो ‘तेइशोकु’ मागवतो. भात, वाटीभर मिसो सूप, एक मुख्य पदार्थ आणि थोडं लोणचं. म्हणजे आपली राईसप्लेटच की! घाई असेल तर ‘डोनबुरी’, म्हणजे एका वाडग्यात भात आणि त्यावरच कोंबडी, अंडं किंवा भाज्या. सुशीचा मासा बर्फाच्या थंडीत जपून दुरून आणावा लागतो, म्हणून ती महाग. तांदूळ, अंडी, कोंबडी, वांगी, भोपळा मात्र आपल्याच बाजारात मिळतात. म्हणून मेन्यू कार्डात शिजवलेल्या पदार्थांचं पान आधी उघडावं.

हे पदार्थ वाटतात तितके परकेही नाहीत. ‘टेम्पुरा’ म्हणजे पातळ पिठात बुडवून तळलेल्या भाज्या किंवा कोळंबी. आपल्या भज्यांची बहीणच, फक्त बेसनाऐवजी गव्हाचं पीठ. तळण्याची ही रीत जपान्यांना सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडून मिळाली. याच पोर्तुगीजांनी १५३४ मध्ये वसईबरोबर साष्टी बेट मिळवलं आणि १५४३ मध्ये ते जपानला पोचले. आज अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही उपनगरं त्याच साष्टीवर उभी आहेत. ‘कात्सु’ हा शब्द आपल्या ओळखीच्या ‘कटलेट’वरून आलेला. रामेनच्या शेवया मूळच्या चिनी. करी जपानात गेली ती इंग्रजांमार्फत. पुढे १९२७ मध्ये टोकियोच्या ‘नाकामुराया’त भारतीय पद्धतीची करी मिळू लागली, ती क्रांतिकारक रासबिहारी बोस यांच्यामुळे. परक्याचं घेऊन आपलंसं करण्याची ही खुबी आपल्यालाही ठाऊक आहे. बटाटा, मिरची आणि पाव बाहेरून आले, वडापाव मात्र आपला.

शाकाहारी मंडळींनी एका बाबतीत जागरूक राहावं. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे ‘दाशी’ नावाचं पाणी. ते बहुधा समुद्रशेवाळ आणि सुकवलेल्या कुप्याच्या जातीच्या माशाचं करतात. त्यामुळे सुपात मासा दिसला नाही, तरी तो असू शकतो. टेम्पुराच्या पिठात अंडं, सॉसमध्ये तांदळाची दारू असू शकते. घाटकोपर-मुलुंडच्या कित्येक घरांत हा श्रद्धेचा प्रश्न आहे. म्हणून ‘व्हेज आहे का’ एवढंच विचारू नये. ‘सूप कशाचं केलंय’ असं विचारावं. यात संकोच कसला? जपानमध्ये बौद्ध मठांची ‘शोजिन र्‍योरी’ नावाची पाकपरंपराच आहे. तीत मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. नुसत्या शेवाळाचं किंवा सुक्या मशरूमचं दाशी त्यांच्याकडे जुनंच आहे. तेव्हा आपली मागणी काही जगावेगळी नाही.

राहता राहिल्या त्या काड्या. जमत नसतील तर सरळ चमचा मागावा, कोणी हसत नाही. फक्त त्या भातात उभ्या खोचू नयेत. तिकडे मृतांसाठी ठेवलेल्या भातात तशा खोचतात. आपल्याकडे पिंडाच्या भाताचं जसं, तसंच ते. रामेन मात्र खुशाल भुरके मारत खावं, तिथं तीच रीत आहे.

पहिल्या खेपेला घरच्या चौघांत दोन-तीन पदार्थ वाटून घ्या. बिल आवाक्यात राहील, आणि आवडलंच तर दुसऱ्या खेपेला सुशीचं पान आहेच.