वीतभर मातीचे मोल



पेरणाऱ्याच्या दाखल्यातली खडकाळ जमीन आपणांस ठाऊक आहे. तिथे माती खोल नव्हती. जव्हारच्या डोंगरउतारावर नागली-वरई पिकवणारे आपले वारली, कोकणा बांधव हेच सोसतात.

पालापाचोळा आणि मुळ्यांचे अन्न वरच्या वीतभर थरात असते, म्हणून मातीतले बहुतेक सूक्ष्मजीवही तिथेच राहतात. खाली जावे तसे ते विरळ होतात. खोलवरचा कार्बन मातीच्या कणांना चिकटून हजारो वर्षे टिकतो. पण कोवळ्या रोपाला पोसतो तो वरचाच जिवंत थर. तो पावसात वाहून गेला की उरतो मुरूम.

माझी विनंती एवढीच: पावसाळ्याआधी या उतारांवर दगडी बांध घालायचे आहेत. आपली प्रार्थना, देणगी आणि श्रमाचे हात हवे आहेत.